एक कॅचर, दोन कोच

भोंगा वाजला तेव्हा केल्सी नोव्होटनीची घडीची खुर्ची वाऱ्याने उडून कुंपणाच्या जाळीत अडकली होती, आणि ती सोडवायच्या नादात तिचं आभाळाकडे पाहायचं राहूनच गेलं. कोलोरॅडोतल्या जुलैच्या दुपारी अशाच असतात. सकाळी ऊन चटके देतं, दुपारी डोंगरामागून काळंभोर काहीतरी सरकत येतं, कुठेतरी वीज चमकते, भोंगा होतो आणि सॉफ्टबॉलची सगळी मैदानं बघता बघता रिकामी होतात. केल्सीची गाडी नेमकी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. पहिली गार तिच्या खांद्यावर बसली, दुसरी टोपीवर... आणि शेजारी उभ्या असलेल्या जुनाट पिकअपचं दार आतून उघडलं.

"आत या," आतला माणूस म्हणाला. "खुर्चीलाही घ्या. तिचा काय दोष?"

केल्सी आत शिरली. खुर्ची मांडीवर, केसांतून पाणी गळतंय, आणि टपावर गारांचा असा ताशा की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना.

"नेस्टर आर्चुलेटा," तो जवळजवळ ओरडूनच म्हणाला. "इथून दक्षिणेला एक छोटं कॉलेज आहे, तिथला असिस्टंट कोच. शर्टावर लिहिलंय, पण शर्टाची घडी पडलीय."

"केल्सी नोव्होटनी. नेब्रास्का. मीही असिस्टंट कोच. माझ्या शर्टाचं तर विचारूच नका."

तो हसला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या बारीक रेषा... केल्सीने घाईने काचेबाहेर पाहिलं.

बाहेर सगळ्या मुली आपापल्या गाड्यांकडे पळत होत्या. एक मात्र पळत नव्हती. पायांना कॅचरची, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारीची, कवचं बांधलेली एक उंच मुलगी मागे राहून मैत्रिणींच्या बॅटी पिशवीत भरत होती. तेवढ्यात त्यांची चेंडू टाकणारी छोटीशी पिचर घसरून पडली. उंच मुलीने तिला उठवलं, आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं आणि स्वतः गारा खात, पिशवी ओढत, सावकाश चालत आली.

गाडीत दोघंही काचेकडे झुकले. जरा जास्तच.

"काय बघताय?" नेस्टरने विचारलं.

"गारा," केल्सी म्हणाली. "तुम्ही?"

"मीही गाराच."

त्या मुलीचं नाव हॅडली फ्रीसन. कॅन्ससच्या एका खेड्यातली, सोळा वर्षांची. केल्सी खरं तर तिलाच आपल्या कॉलेजच्या संघासाठी हेरायला आली होती. नोकरीतला हा तिचा पहिलाच उन्हाळा, आणि हेडकोच स्ट्राउडबाईंनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "मला कॅचर आण. चांगली कॅचर नाही आणलीस, तर पुढच्या उन्हाळ्यात खुर्ची घेऊन दुसरं कोणीतरी जाईल."

पण मुलीशी बोलायची सोय नव्हती. शाळेतल्या मुलीचं अकरावीचं वर्ष लागलं, की सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला कॉलेजच्या कोचांनी तोंड उघडायचं. तोवर कुंपणामागे बसून नुसतं बघायचं, असा नियम. कोचांनी एकमेकांशी बोलू नये, असं मात्र नियमात कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केल्सीने खुर्ची मांडली, तर शेजारी आधीच एक खुर्ची होती.

"योगायोग," नेस्टर म्हणाला.

"आठ मैदानं आहेत इथे."

"म्हणूनच तर योगायोग."

त्याने टोपी उलटी घातली होती. केल्सीने कारण विचारलं.

"कॉलेजचं नाव दिसलं की मुली माझ्यासाठी खेळायला लागतात. मला त्या एकमेकींसाठी खेळताना बघायच्या असतात."

केल्सीला उत्तर आवडलं. इतकं आवडलं, की तिने आपलीही टोपी उलटी केली.

चार दिवस दोघं शेजारी बसले. हातात घड्याळं, चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आला की तिने फेकलेला तो दुसऱ्या बेसपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते दोघंही मोजत. पण घड्याळात न मावणारं पुष्कळ असतं, आणि ते हेरण्यात दोघंही तरबेज होते. बाद झालेली मुलगी बॅट कशी ठेवते? सामान कोण उचलतं... ती, की तिची आई? आपल्या पिचरचा चेंडू भलतीकडे गेला की कॅचर खांदे पाडते, का चालत जाऊन तिला हसवून येते? हॅडली हसवून येत असे. प्रत्येक वेळी. केल्सीला तिचा विनोद ऐकायची फार इच्छा व्हायची.

"कॅचर बरी आहे," तिसऱ्या दिवशी नेस्टर जांभई देत म्हणाला. "पण हात जरा कच्चा."

केल्सीच्या घड्याळाप्रमाणे तो हात अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात पक्का होता. "हो ना," ती म्हणाली. "आणि बॅटही जडच वाटते तिला."

"मी तर पिचर शोधतोय."

"मी पण अशीच... सगळं बघतेय."

मग थोडा वेळ दोघंही मन लावून मैदानाकडे पाहत बसले. वाऱ्याने तिच्या केसांची बट पुन्हा पुन्हा तोंडावर येत होती. चौथ्यांदा ती मागे सारताना तिला जाणवलं, की शेजारची नजर मैदानावर नाहीये.

"सामना तिकडे चाललाय," ती म्हणाली.

"हो का? मी इकडे मूल्यमापन करतोय."

"मग? काय ठरलं?"

"एवढ्यात कसं ठरेल? माणूस पुष्कळ वेळा बघावा लागतो. उन्हात, पावसात... जेवताना. जेवताना तर नक्कीच."

त्या संध्याकाळी त्याने तिला हिरव्या मिरचीचं झणझणीत बरीटो खायला नेलं. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी तिने ते संपवलं. तो तिच्यापुढे दुधाचा पेला सरकवत म्हणाला, "चिकाटी... उत्तम." आणि निरोप घेईपर्यंत दोघांमधलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ऑगस्टभर रोज संध्याकाळी फोन. तो मैदानाची माती सारखी करता करता बोलायचा, मागे ट्रॅक्टरची घरघर. ती चेंडू पुसता पुसता ऐकायची. तिने कधी हॅडलीचं नाव काढलं नाही. त्यानेही नाही.

सप्टेंबर लागला. पहिल्या तारखेला सकाळी केल्सीने कॅन्ससला फोन लावला.

"तुमचा फोन आला, फार बरं वाटलं, कोच," हॅडली म्हणाली. "आत्ताच कोच आर्चुलेटांचा येऊन गेला. ते म्हणाले, असा हात त्यांनी दहा वर्षांत पाहिला नाही."

केल्सीने तिच्याशी गोड बोलून फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

"हात कच्चा, नाही का?"

"बॅट जड, नाही का?"

"तू म्हणालास पिचर हवीय!"

"तू म्हणालीस सगळंच बघतेय."

"माझी नोकरी आहे यावर, नेस्टर."

"आणि माझी काय जत्रेतली दुकानदारी आहे?"

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. त्यानंतर संध्याकाळी फोन वाजला नाही. केल्सी मात्र चेंडू पुसत राहिली. एकेक चेंडू दोनदा पुसला गेला.

महिनाअखेरीला फ्रीसनांच्या घरून निरोप आला. रविवारी जेवायला या. केल्सी ज्वारीच्या तांबूस शेतांमधून गाडी हाकत पोचली, तर अंगणात तो जुनाट पिकअप उभा.

हॅडलीच्या आजीने, एल्फ्रीडाबाईंनी, दोघांना मुद्दामच एका दिवशी बोलावलं होतं. "तुम्ही माझ्या नातीला चोरून चोरून बघितलंत," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "आता आम्ही तुम्हाला बघतो. घ्या, पनीर भरलेली डंपलिंगं आहेत आमची, वरून ही हॅमची ग्रेव्ही. लाजायचं नाही."

हॅडलीचे आईवडील टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, पण त्या घरात प्रश्न आजी विचारत.

"पोर वाईट खेळली, तर त्या दिवशी तिला काय म्हणाल?"

"काहीच नाही," नेस्टर म्हणाला. "जेवायला घेऊन जाईन."

"मीही काही म्हणणार नाही," केल्सी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मैदानावर बोलवीन. आणि मी तिच्याआधी येऊन थांबेन."

आजींनी दोघांच्याही ताटात आणखी वाढलं. मग इतका वेळ गप्प असलेली हॅडली म्हणाली, "कोच नोव्होटनी, तुमच्याकडे माझ्याआधी कॅचर कोण आहे?"

केल्सीचा काटा ताटातच थांबला. स्ट्राउडबाईंनी बजावलं होतं, विचारलं तरच सांग, आणि विचारलं तरी थोडक्यात सांग. समोर नेस्टर बसला होता. एक वाक्य... आणि मुलगी त्याची.

"आहे एक," ती म्हणाली. "यंदाच आलीय. फार चांगली आहे. तू येशील तेव्हा तिची दोन वर्षं उरलेली असतील. तुला कदाचित ती दोन्ही वर्षं बाकावर बसावं लागेल. हे मी आत्ता सांगतेय, कारण तिथे आल्यावर कळलं तर फार लागतं."

हॅडलीने मान वळवली. "कोच आर्चुलेटा, तुमच्याकडे?"

"आमच्याकडे तू पहिल्या दिवसापासून खेळशील," नेस्टर म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने केल्सीकडे पाहिलं, पाण्याचा घोट घेतला आणि पुढे म्हणाला, "पण तुला गुरांची डॉक्टर व्हायचंय ना? आमच्याकडे त्याचं काहीच शिकवत नाहीत. यांच्याकडे गोठा आहे, शेत आहे, सगळं आहे."

एल्फ्रीडाबाई दोघांकडे आळीपाळीने बघू लागल्या. "तुम्ही दोघं आपला माल खपवायला आलात, की एकमेकांचा?" त्यांनी कोपऱ्यातली टोपली नेस्टरच्या हातात दिली. "आम्हाला जरा बोलायचंय. मागे झाडाखाली पेअर पडलेत, ते वेचा. आणि एकमेकांशी बोलून घ्या एकदाचं. मघापासून मीठसुद्धा माझ्या हातून मागून घेताय."

झाडाखाली पिकल्या फळांचा गोड वास होता, आणि त्यावर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या. दोघं वाकून वेचू लागले.

"तू कशाला सांगितलंस?" नेस्टरने विचारलं. "गप्प बसायचंस."

"मी दोन वर्षं बसलेय तशी," केल्सी म्हणाली. "मलाही एका कोचने असंच गोड बोलून नेलं होतं. दर सामन्याला आई तीन तास गाडी चालवत यायची आणि मला बाकावर बसलेली बघून जायची. मला ते दुसऱ्या कोणाच्या आईला नव्हतं द्यायचं. आणि तू? तू तर जिंकलाच होतास."

"हो. तेच तर." त्याने एक पेअर हातात फिरवला. "तू तेवढं बोललीस, आणि मला वाटलं, आता ही मुलगी मिळाली तरी... तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही."

केल्सीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोलोरॅडोत मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मुलगी लपवायची होती, हे खरंच. पण... नाव काढलं असतं, तर तू खुर्ची उचलून दुसरीकडे जाऊन बसली असतीस. तू उठून जावंस असं वाटत नव्हतं मला. तेव्हाही नाही, आताही नाही. मला तू आवडतेस, केल्सी. खूप. भांडतेस तेव्हाही."

"मी रोज फोनकडे बघत होते," ती टोपलीत पाहत म्हणाली. "मूर्खासारखी. तू करशील, म्हणून."

"मग तू का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता त्याचा हात तिच्या हातावर आला, आणि पेअरच्या रसाने चिकट झालेली बोटं काही केल्या सुटेनात... निदान दोघांनीही ती सोडवायची घाई केली नाही.

मागचं दार आपटलं. हॅडली अनवाणीच अंगणात आली. हात सुटले, पण जरा उशिराच.

"कोच नोव्होटनी, मी तुमच्याकडे येते."

"हॅडली, पण ती दोन वर्षं..."

"ती बघू ना. बाकावर मीच बसणार, असं कोणी ठरवलं?" हॅडली शांतपणे म्हणाली. "तिला सांगून ठेवा, मी येतेय."

आधी नेस्टरच हसला, अगदी मनापासून. त्याने तिच्याशी हात मिळवला. "असा हात दहा वर्षांत पाहिला नाही, हे मात्र खरं होतं."

"मला माहितीये," हॅडली म्हणाली. "वाईट वाटलं का, कोच?"

"खूप वाटलं. परत गेल्यावर हेडकोचांना काय सांगू, तेही कळत नाहीये."

"सांगा, आजीने डंपलिंगं खाऊ घातली." आणि ती आत पळाली.

केल्सीने अंगणातूनच स्ट्राउडबाईंना फोन केला, आपण काय काय बोललो तेही न लपवता सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "आणि तरी येते म्हणाली? मग तूही राहा बाई पुढच्या वर्षी. अशा मुलीला सांभाळायला कोणीतरी लागेलच."

एल्फ्रीडाबाईंनी पेअरच्या दोन पिशव्या केल्या. मोठी नेस्टरला दिली. "हरलेल्याला जास्त," त्या म्हणाल्या, आणि मग केल्सीकडे बघत, "तसा फारसा हरलेला दिसत नाही म्हणा."

ऊन कलल्यावर दोन्ही गाड्या मागे-पुढे निघाल्या. शेतांमधला मातीचा रस्ता जिथे डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे केल्सी थांबली. तिला उजवीकडे, उत्तरेला जायचं होतं. त्याला डावीकडे, दक्षिणेला. तिने निरोपासाठी काच खाली केली, आरशात पाहिलं... मागच्या पिकअपचा उजवीकडे वळायचा दिवा लुकलुकत होता.

ती उतरून मागे चालत गेली. "तुझं घर त्या बाजूला आहे."

"माहितीये."

"मग?"

"उद्या दुपारपर्यंत मला कोणी शोधणार नाही," नेस्टर म्हणाला. "वाटेत कुठेतरी जेवू म्हणतो. मिरची कमी असलेलं."

केल्सी आपल्या गाडीकडे परतली. गाडी सुरू करण्याआधी तिने खिडकीतून हात बाहेर काढला, आणि त्याला आपल्या मागून यायची खूण केली.