पैजेवरचा हायड्रेंजिया

"फेकताय? ...की मला देताय?"

तिने कुंडीवरून डोकं वर केलं. समोरच्या बँकेच्या बागेचा माळी दुकानाच्या पायरीवर उभा होता. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्या चष्म्याची तुटलेली काडी आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"फेकत नाहीये," ती फणकारली. "आणि देतही नाहीये!"

मामाच्या चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासायची. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. त्यात आज मामाने एकदम दोन फर्मानं काढली होती. दारातलं हायड्रेंजियाचं वाळकं झाड हलव, तिथे पाटी लावायचीय. आणि चौकातल्या मोठ्या दुकानदाराच्या मुलाला होकार कळव. स्थळ सगळ्यांना पसंत होतं, फक्त तिला सोडून.

माळ्याने खाली बसून फांदी नखाने खरवडली. आत हिरवं होतं. मग त्याने मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"पाणी कोण घालतं?"

"मी. सकाळी."

"दुपारी मी घालतो की!" मामा आतून म्हणाला.

"आणि जाताना मी," झाडलोट करणाऱ्या मावशींनी सांगून टाकलं. "कसं मान टाकून असतं बिचारं!"

बारभाईंचा कारभार! आपल्याशिवाय या झाडाला कोणी नाही, असं तिघांनाही वाटत होतं.

"बुडतंय हो ते," माळी हसला. "मुळं कुजली की झाड तहानलेलंच दिसतं. मग माणसं आणखी पाणी ओततात."

"मेलंय ते," मामा म्हणाला.

"जगेल!" ती हट्टाला पेटली. "महिन्याभरात पालवी फुटली, तर ते स्थळ बंद. नाही फुटली तर... तर देईन होकार!"

शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. मामाने मात्र लगेच हात पुढे केला.

माळ्याने कुजकी मुळं छाटली, माती बदलली, कुंडी सावलीत सरकवली. मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो यायचा. बोट मातीत असायचं, नजर भलतीकडेच.

"आज पाणी घालू?"

"नको."

"मग आलात कशाला?"

"नको... हे सांगायला."

ती हसू दाबायची आणि तो गेला की पाचही फांद्या निरखायची. पालवीचं नाव नव्हतं. दिवस मात्र भराभर सरत होते.

शेवटच्या सकाळी तिने दुकान उघडलं, तर कुंडीत हिरवागार हायड्रेंजिया! मामाने कपाळाला हात लावला. "जिंकलीस बाई! कळवतो त्यांना नाही म्हणून."

तिला उडीच मारावीशी वाटली. पण भिंगं घासून तयार झालेली नजर ती! कुंडी तीच होती, फांद्या मात्र सात. गप्प बसली असती तर सुटली असती. कोणाला कळणार होतं?

"मामा, हे माझं झाड नाही. मी हरले."

"म्हणजे होकार!" मामा खुलला.

"नाही, नकारच. असली पैज लावली हीच माझी चूक. शब्द मोडला म्हणून हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. लग्न मात्र करणार नाही."

मामाने आ वासला. तो काही बोलायच्या आत ती रस्ता ओलांडून बँकेच्या बागेत शिरली होती.

"माझं झाड कुठाय? लबाड आहात तुम्ही!"

"आहे खरा," माळी खाली बघत म्हणाला. "तुम्ही तिकडे लग्न करून गेला असतात... तर मी रोज कोणाला नको म्हणायला आलो असतो?"

तिला राग आवरेना आणि हसूही. त्याने अवजारांच्या खोलीतून पत्र्याचा डबा आणला. डब्यात तिचं पाच फांद्यांचं झाड होतं. ती वाकली. बुंध्याशी दोन हिरवे कोंब वर आले होते. रात्री अंधारात झाड उपटायच्या घाईत त्याला ते दिसलेच नव्हते.

"अहो, जिंकलात की तुम्ही! चला, मामांना दाखवू!"

"अजिबात नाही!" तिने दोन्ही हातांनी डबा धरला. "त्याला कळता कामा नये. नाहीतर म्हणत सुटेल, नकार झाडाने दिला. नकार मी दिलाय."

"आणि... होकार?"

"तोही मीच देईन. आधी विचारायची हिंमत तर करा!"

माळ्याने चिखलाचे हात शर्टाला पुसले आणि विचारलं.