तिसरी हाक

टेसा कीपिंग ही न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाडीतली मुलगी. शहरात कॉलेजला होती. पहिलीच फिल्म करायची होती, तीन मिनिटांची. सरांनी विषय दिला होता, 'घरातला आवाज'. टेसाला लगेच शेजारचे हेडलीकाका आठवले. पन्नास वर्षं ते रोज चारच्या सुमाराला जिन्याखाली उभे राहून बायकोला चहासाठी हाक मारायचे. एप्रिलमध्ये एफीकाकू गेल्या आणि ती हाकही बंद पडली.

शनिवारी दुपारी धुकं अगदी खिडकीला टेकलं होतं. हेडलीकाकांच्या स्वयंपाकघरात तळलेल्या पावाचा आणि काकवीचा वास भरला होता. टेसाने ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला, माइक जिन्याच्या कठड्याला बांधला.

"नुसती हाक मारायची ना? एवढंच?" काका हसले. मग वर तोंड करून म्हणाले, "एफी, चहा झाला गं!"

छान झालं होतं. सगळं रेकॉर्ड झालं होतं. पण काकांचे डोळे कोरडे होते.

"काका, बटण दाबायचंच राहिलं," टेसा म्हणाली. "परत एकदा?"

दुसऱ्यांदा त्यांचा आवाज कापला. टेसाने तरी नकारार्थी मान हलवली. "अजून एकदाच. काकू वर आहेतच असं समजून..."

 काकांनी कठडा घट्ट धरून पोटातून हाक मारली. गालांवरून पाणी ओघळलं. टेसाने पटकन झूम केलं.

वर फळी करकरली.

मग थोड्या वेळाने... दुसरी. एक पाय ओढत कोणीतरी खोलीतून जिन्याशी आलं. कमरेचं हाड मोडल्यापासून एफीकाकू अशाच चालायच्या. पावलं वळणापर्यंत उतरली आणि थांबली. ओल्या लोकरीचा वास खाली आला.

"पोरी," काका पुटपुटले, "आता तिला परत जा म्हणून कोण सांगणार?"

टेसा कॅमेरा उचलून पळाली.

आठवडाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. फिल्म तिने दिलीच नाही. पुढच्या शनिवारी ती परत गेली. काकांनी अंथरूण स्वयंपाकघरात आणलं होतं. जिन्याच्या तोंडावर घोंगडी ठोकली होती.

"काका, मी खोटं बोलले," ती दारातूनच म्हणाली. "पहिल्याच वेळी सगळं झालं होतं. मला तुम्ही रडायला हवे होतात."

काका रागावले नाहीत. त्यांनी तिच्यासाठीही चहा ओतला. 

"एफी आली त्याचं मला काही नाही गं," ते अगदी हळू बोलले. "तिच्याजवळ बसून राहीन मी. पण ती एकटी नाही आली. तिच्या मागच्या पायरीवर कोण आहे...? ते तिला खाली येऊ देत नाही."

घोंगडीच्या आड एक पायरी वाजली. पाऊल हलकं होतं, अनवाणी. ओढत नव्हतं.