भिंतीपलीकडची तबकडी

पहिली तबकडी आली ती थेट मावशीच्या जास्वंदीवर. कुंडीचे दोन तुकडे झाले. भाचीने रागारागाने भिंतीवरून डोकावलं, तर पलीकडे एक वेल्डर कान धरून उभा. टेकडीवरचं डिस्क गोल्फचं मैदान त्यानेच उभारलेलं. साखळ्या लावलेल्या लोखंडी जाळ्याही त्याच्याच हातच्या. लांबून तबकडी फेकायची, जाळीत पडली की जिंकलं. तिला बोलायचं होतं खूप, पण त्याचा चेहरा बघून हसूच आलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक तबकडी यायची. ती परत द्यायची, तो माफी मागायचा, आणि त्या माफीला दिवसेंदिवस जास्तच वेळ लागू लागला. मावशीचं डोकं मात्र फिरलं. उद्या नगरपालिकेत जाऊन ते मैदानच बंद करून टाकते, असं तिने जेवताना जाहीर केलं. भाचीने पहाटेचा गजर लावला.

सकाळी मावशी उठायच्या आत ती मैदानावर पोहोचली. तो तिथेच होता. मावशीचा बेत तिने आधी त्याच्या कानावर घातला. मैदान तिला बघताक्षणी आवडलं. एकही झाड न तोडता वाटा काढलेल्या, तिसऱ्या जाळीला तबकडी तळ्यावरून न्यायची, आजोबा आणि नाती एकत्र खेळताहेत. उणिवाही होत्या. बसायला बाक नाही, पाट्या पुसट, पाचव्या जाळीपाशी घोट्याएवढा चिखल. तिने त्या तोंडावर सांगितल्या आणि त्याने निमूट ऐकून घेतल्या.

मग त्याने तिला फेकायला शिकवलं. ती फिजिओथेरपिस्ट, मनगट कसं वळतं हे तिला सांगावं लागलं नाही. तरी तबकडी शेवटी डावीकडेच वळायची.

"उजव्या हाताने अशी फेकली की सगळ्यांचीच वळते," तो म्हणाला.

नवव्या जाळीशी ती थबकली. मावशीची भिंत फेकणाऱ्याच्या उजवीकडे होती... चांगली लांब. तिने भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे. तो बुटाची नाडी न्याहाळत होता.

"म्हणजे मुद्दाम फेकल्याशिवाय आमच्याकडे येत नाही?"

"पहिली वाऱ्याने गेली. शप्पथ."

"आणि बाकीच्या?"

"तुम्ही डोकावावं म्हणून—" त्याचे कान लाल झाले. "मावशींना सांगा, दोष मैदानाचा नाही, माझा आहे. मी इथे येणं बंद करतो. मैदान तेवढं राहू दे."

स्वतःच्या हाताने उभं केलेलं सगळं या वेड्याने तिच्या एका डोकावण्यापायी पणाला लावलं होतं. राग यायला हवा होता. आला नाही. तो तिला आवडत होता, आणि आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

"हे मावशीला तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "आत्ताच. फाटकातून येऊन."

"त्या काय म्हणतील?"

"आधी चार शब्द ऐकवतील. मग घरी कोण कोण असतं, काम कसं चाललंय, ते विचारतील." ती दोन पावलं पुढे गेली, आणि मागे वळली. "उत्तरं नीट द्या हं... मला तुम्ही हवे आहात."