हॅम आणि पॅनकेक

सप्टेंबर संपायच्या आत कोल्ड स्टोव्ह खोऱ्यात जाऊन हुकचा फोटो मिळवायचा होता. एकच पुरे होता, पण त्यात तिचा गळा दिसायला हवा होता.

हुक ही वुल्व्हरिन. अंग मध्यम कुत्र्याएवढं, चाल अस्वलाची, आणि अस्वलाच्या तोंडचा घास हिसकावून घेण्याइतका उर्मटपणा. तिच्या गळ्यावर पिवळट केसांचा वाकडा पट्टा होता, मासे धरायच्या गळासारखा, म्हणून बाबांनी तिला ते नाव दिलं. ती त्याच खोऱ्यात बर्फाखाली पिल्लं घाली. बाबा दर शरदात तिचा नवा फोटो आणून ती अजून तिथेच आहे हे दाखवून देत, आणि हिवाळ्यात ते खोरं बर्फावरच्या मोटारींना बंद राही. गेल्या वर्षी बाबांचा खांदा निकामी झाला आणि ते वर गेले नाहीत. या एप्रिलमध्ये ते वारले. ऑक्टोबरमध्ये या बंदीवर सुनावणी होती. फोटो नसेल तर खोरं मोटारींना खुलं होणार होतं.

निघण्याआधी झडती घ्यायची आमच्या मोंटानातल्या डोंगरवेड्यांची रीत आहे. आपली पाठपिशवी दुसऱ्याने जमिनीवर उलटी करायची, आणि एकेक वस्तू का हवी ते आपण त्याला पटवून द्यायचं. माझी झडती ड्वेनने घेतली. ड्वेन हा बाबांचा जन्माचा मित्र. शाळेतल्या मुलांना बँड शिकवून निवृत्त झालेला, आणि वजनाच्या बाबतीत साफ वेडा. टूथब्रशची मूठ कापतो, चहाच्या पिशव्यांचे दोरे तोडतो. त्याच्या बायकोचा, लोर्नाचा, स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने ओट्यावरून खाली घेतला आणि माझ्या लेन्स एकामागून एक त्यावर ठेवल्या.

पहिली बाबांची मोठी लेन्स. बाळाएवढी लांब, तेवढीच जड. लोर्ना तिला हॅम म्हणायची, कारण ख्रिसमसला भट्टीतून काढलेल्या हॅमसारखी, डुकराच्या अख्ख्या मांडीसारखी, ती दोन्ही हातांनी धरावी लागे. ड्वेनने काट्यावरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच ती बाजूला सरकवली. बाबांचा खांदा कशाने गेला हे मला माहीत होतं. हुकपर्यंत पोचायचं तर पोचता येईल एवढंच न्यायचं, हे मी उन्हाळाभर ठरवत आले होते. माझा कॅमेरा नवा, आरसा नसलेला, मुठीत मावणारा. त्याच्या जोडीला मी दोन लेन्स निवडल्या होत्या. एक लांबचं पाहणारी पण प्लॅस्टिकच्या अंगाची, कणसाएवढी हलकी. दुसरी धिरड्यासारखी चपटी, जिला सगळेच पॅनकेक म्हणतात.

"हॅम घरी आणि पॅनकेक डोंगरावर," लोर्ना म्हणाली. "नाश्त्याची पार वाट लावली तुम्ही."

शेवटी पिशवीच्या तळातून एक धातूचं कडं निघालं. बाबांची जुनी लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसवायची तर मध्ये ते कडं लागतं. मी ते काढायची विसरले होते. ड्वेनने ते काट्यावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. हॅम येत नाही तर कड्याचं काय लोणचं घालायचं, असं तो समाधानाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लोर्नाने आम्हाला पायवाटेच्या तोंडाशी सोडलं.

पहिली चढण लार्च झाडांतून होती. नुकती पिवळी पडू लागलेली झाडं, खाली ओल्या मातीचा वास, वर दोन दिवसांच्या पावसाने धुऊन काढलेलं आकाश. अशा वाटेवर ड्वेन एरवी माझ्या पुढे असतो, शिट्टी वाजवत. त्या दिवशी तो मागे राहिला. खिंडीखाली तर तो दर वळणावर थांबू लागला. मी विचारलं तेव्हा वय झालं म्हणाला. मी त्याच्या पिशवीतलं काही घेऊ का म्हटलं, तर त्याने पिशवीच्या पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले आणि जन्मात पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला. मला वाटलं, बाबांशिवाय इथे येणं त्याला जड जातंय. ते खोटंही नव्हतं.

खिंडीपलीकडे ओढा आडवा आला. पावसाने तो फुगला होता, गढूळ पाण्यातून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. पार करायला एकच आडवं पडलेलं झाड होतं, साल निघालेलं आणि बुळबुळीत. असं झाड ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर पिशवी टाकून देता येते, हे मला ड्वेननेच लहानपणी शिकवलं होतं. मी पट्टा सोडून पलीकडे गेले, पिशवी उतरवली आणि वळून पाहिलं.

ड्वेन झाडाच्या मध्यावर होता आणि त्याचा पट्टा बांधलेलाच होता!

मी ओरडले. त्याने मान वर केली. पाय सरकला. क्षणभर तो एका बाजूला कलला, आणि मग पिशवीनेच त्याला खेचून घेतलं. तो पालथा पडला. पिशवी त्याच्या पाठीवर बसली. डोकं दिसेना!

मी उडी मारली. पाणी छातीपर्यंत आलं, गारठ्याने श्वास अडकला. हाताला कापड लागलं. ओढलं. हलेना. त्याच्या पोटाखाली हात घालून कमरेच्या पट्ट्याची कळ शोधली, दाबली, पुन्हा दाबली. सुटली! तो खोकत वर आला. मी एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्याने पिशवीला. दोन्ही काठाला लागेपर्यंत मला माझे पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं.

आम्ही शेकोटी केली, ओले कपडे बदलले. ड्वेनचा गुडघा सुजू लागला होता. तो पाय टेकू शके, एवढंच. मग मी कमरेचा बटवा उघडला. कॅमेरा आणि पॅनकेक पिशवीत पाणी न शिरणाऱ्या थैलीत कोरडे होते. लांबचं पाहणारी लेन्स मात्र हाताशी असावी म्हणून बटव्यात ठेवली होती. तिच्या काचांच्या आत धुकं साचलं होतं आणि मध्ये पाण्याचा थेंब इकडून तिकडे लोळत होता. हलकी होण्यासाठी तिच्यातून जे जे काढलं होतं, त्यात पाणी अडवणारं रबरही होतं. विकत घेताना मी ते वाचलं होतं आणि चालेल म्हटलं होतं.

ड्वेनने त्या थेंबाकडे बराच वेळ पाहिलं. मग आपली पिशवी ओढून घेतली आणि तळाशी हात घातला. झोपायच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर दोन प्लॅस्टिकच्या थैल्या चढवलेलं, पूर्ण कोरडं असं हॅम त्याने माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू तुझा टूथब्रश कापतोस, ड्वेन," मी म्हणाले.

"हे दर वर्षी इथे यायचं," तो म्हणाला. "तुझा बाप नाही म्हणून हेही घरी बसवायचं? मला नाही जमलं, पोरी."

लेन्सच्या मागचं झाकण काढलं, कॅमेरा हातात घेतला, आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. कडं लोर्नाच्या वजनकाट्यावर होतं.

ड्वेन आधी हसला. मग मीही. दिवसभराच्या वाटेवर त्याने ते धूड उरापोटावर वाहून आणलं होतं, त्यापायी बुडता बुडता वाचला होता, आणि ते चालवायला जे मूठभर धातूचं कडं लागतं ते त्याने स्वतःच्या हाताने, वजन वाचलं म्हणून खुशीत, घरी ठेवलं होतं. हसून झाल्यावर तो म्हणाला, "परत जाऊ. गुडघा काही खरा नाही, आणि तुझ्याकडे उरलाय तो पॅनकेक."

परत गेलो असतो तर सुनावणीआधी पुन्हा येणं शक्य नव्हतं. पश्चिमेकडून ढग येत होते. मी म्हटलं, सकाळी बाबांच्या दगडाशी जाऊन बसू. नाही दिसली तर उतरू.

बाबांचा दगड म्हणजे खोऱ्याच्या काठावरची एक सपाट शिळा. समोर प्रचंड दगडधोंड्यांचा उतार. बाबा दर वर्षी तिथेच बसत. सकाळी कुरकुरीत थंडीत आम्ही तिथे पोचलो, बटाट्याच्या भुकटीत गरम पाणी ओतून खाल्लं आणि उतार न्याहाळू लागलो. दुर्बीण आणली नव्हती. झडतीत तीही गेली होती. नुसत्या डोळ्यांना त्या उतारावर दगडांशिवाय काही दिसत नव्हतं.

मग मला आमच्या घराचा व्हरांडा आठवला, आणि मी सहासात वर्षांची असताना बाबांनी केलेला खेळ. एका हातात मोठी लेन्स, तिच्यामागे दुसऱ्या हातात लहान, मध्ये थोडं अंतर, आणि डोळा लावला की शेजाऱ्यांचं घर जवळ येऊन उलटं टांगलेलं दिसायचं. मी हॅम शिळेवर ठेवलं. पॅनकेक कॅमेऱ्यावरून काढला.

"त्याची चिकटपट्टी काढ आधी," ड्वेन म्हणाला. हॅमच्या फोकसच्या फिरत्या वलयावर बाबांनी काळी चिकटपट्टी लावलेली होती. फोकस एकदा साधला की वाटेत हलू नये म्हणून ते ती लावत. "नाहीतर कसा साधशील?"

मी पट्टीला नख लावलं. मग म्हटलं, आधी एकदा पाहू. पॅनकेक मागे धरून डोळा लावला.

उतार उलटा लटकला होता. दगडांवरच्या शेवाळाचे ठिपके, फटींतलं वाळकं गवत, सगळं लख्ख. दगड तेच, अंतर तेच, बसायची जागा तीच. मला काहीच फिरवावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी इथून उठताना बाबांनी जे स्पष्ट करून ठेवलं होतं, ते स्पष्टच होतं.

पट्टीचं उचकटलेलं टोक मी अंगठ्याने परत दाबून बसवलं.

उन्हं उतारावर आली तेव्हा त्या उलट्या जगात, आभाळ पायाखाली घेऊन, एक तपकिरी अंग डुलत डुलत चाललं. एका मोठ्या तिरप्या दगडाखाली ते शिरलं आणि पांढऱ्या लोकरीचं काहीतरी ओढत बाहेर आलं. हिमकड्यावरून पडून मेलेली डोंगरी बकरी. तिने ती तिथे लपवली होती!

वुल्व्हरिन होती. हुक होती का, ते गळा दिसल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पॅनकेकने गळा टिपायचा तर तिच्या अगदी पुढ्यात जावं लागणार होतं. ड्वेनने माझ्या हातात अस्वलाला पिटाळायचा तिखटाचा फवारा दिला आणि एवढंच म्हणाला की तिचं जेवण तिच्या तोंडून काढू नकोस.

ती पुन्हा दगडामागे गेली तशी मी निघाले. वारा माझ्या तोंडावर येत होता, हे एकच नशीब. दगड घराएवढे, टेबलाएवढे, काही पाय ठेवताच डुगडुगणारे. पोटावर सरपटत गेले. एक दगड निसटला, मी त्याला दोन्ही हातांनी धरलं, बोटं चेंगरली, पण आवाज झाला नाही. बकरीचा उग्र वास आला. दोन धोंड्यांच्या फटीत अंग कोंबलं, काखेत उबेला ठेवलेली बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली आणि थांबले. बर्फाचे पहिले कण माझ्या बाहीवर पडत होते.

हाडं चावल्याचा आवाज आला. अगदी जवळून.

ती दगडावर चढली. पाठ माझ्याकडे. एक कान अर्धा तुटलेला, तोंडाभोवती पांढरं. मी बटण दाबलं. दाबत राहिले. बाबांच्या कॅमेऱ्याचा आरसा दर फोटोला खाडकन वाजायचा, आणि तो आवाज ऐकून ती प्रत्येक वेळी पळायची. म्हणून तर त्यांना लांब बसावं लागे, म्हणून एवढी मोठी लेन्स लागे. माझ्या हातात काहीच वाजलं नाही.

पण पाठच दिसत होती! नुसती पाठ!

आणि वारा फिरला. माझ्या मानेवर तो गार लागला, तसं तिचं चावणं थांबलं. ती वळली. घशातून घरघर आली. मी फवाऱ्याला हात लावला नाही, दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवले. ती मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहिली, नाक वर केलं, आणि माझा वास घेऊ लागली.

गळ्यावर पिवळा, वाकडा पट्टा. टोकाला आकडी.

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू एवढ्याने काय बिघडतंय असं ठरवलं, बकरीची तंगडी तोंडात धरली आणि दगडांआड गेली. मी फटीतून निघेपर्यंत बर्फ दाट झाला होता.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट गेलं. ओढ्यावरचं झाड आम्ही घोड्यावर बसल्यासारखं बसून, सरकत सरकत ओलांडलं. खिंडीत समोरचं दिसेना. ड्वेन काठीवर भार देत एका पायाने उड्या मारत होता. एका वळणावर तो बसला आणि म्हणाला की हॅम इथे दगडांखाली ठेवू, उन्हाळ्यात येऊन नेऊ. डोंगरावर कागदाचा कपटासुद्धा मागे न ठेवणारा हा माणूस होता. मी त्याच्या पिशवीतून ते काढलं आणि माझ्या पिशवीत घातलं. खांद्यांत कळ आली. तिथेच, हाडाच्या जरा वर, बाबांनाही यायची.

लोर्ना पायवाटेच्या तोंडाशी ट्रक तापवून बसली होती. तिने माझी पिशवी उचलायला घेतली, पुन्हा खाली ठेवली, आणि नवऱ्याकडे वळली.

"जास्तीचं सुकं मांस नेतोय म्हणाला होतास ना रे?"

ड्वेनला त्याच वेळी गुडघ्याची कळ आली.

फोटोत हुक चौकटीच्या मधोमध आहे. गळा स्पष्ट आहे, आणि तिच्यामागे सगळं खोरं आलं आहे, पडत्या बर्फासकट. एवढं सगळं बाबांच्या कोणत्याच फोटोत मावलं नव्हतं. सुनावणीत तो भिंतीवर दाखवला. खोरं बंद राहिलं.

त्यानंतर एकदा लोर्नाच्या स्वयंपाकघरात मी ओल्या फडक्याने हॅम पुसत होते. कडं वजनकाट्यावरच होतं. लोर्ना म्हणाली, केक करायचा तर दर वेळी ते उचलून ठेवावं लागतं, आता तरी ने. मी ते लेन्सला बसवलं, लेन्स कॅमेऱ्याला, आणि खिडकीतून पाहिलं. परसातलं सफरचंदाचं झाड, कुंपण, ट्रक, सगळं धूसर होतं.

"ती पट्टी काढ ना," लोर्ना म्हणाली. "तशी ठेवून तिचा काय उपयोग?"

"एका जागेपुरता आहे," मी म्हणाले, आणि झाकण लावलं.