उन्हात न काढलेला फोटो

राजवीरनं फोन गणपतरावांच्या पुढं धरला.

"काका, ही गाडी बघा की. एका हातातली हाय, तीन वर्सं झाल्यात फक्त. घिऊ का?"

आम्ही चौघं तालमीच्या कट्ट्यावर बसलो होतो. जेवणं झाली होती, साडेनऊ वाजले असतील. गणपतराव आमच्या पेठेतले जुने डेंटर. चाळीस वर्षं त्यांनी चेपलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले, दारं बसवली, रंग मारला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं,

"ह्यो फोटो उन्हात काढलाय का खोलीत?"

"त्याचं काय करायचंय? चकाचक दिसतीया की."

"मागं झाड न्हाय, आभाळ न्हाय, मातीचा कण न्हाय. खोलीतला हाय." त्यांनी फोन परत दिला. "जाऊन सकाळच्या उन्हात बघ. मगच ठरव."

"काका जुन्या काळातलं हायत," राजवीर हसत म्हणाला.

गणपतराव हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या वळखीचा एक पोरगा होता. रामलिंग." आणि सांगायला लागले. मी ते जसं ऐकलं तसं लिहितोय. त्यांच्यासारखं सांगणं मला जमणार नाही, पण पदरचं काही घातलेलं नाही.

रामलिंग गडहिंग्लजकडचा. हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा एक बाजार होता, तिथं विकायच्या गाड्यांचे फोटो काढायचं काम त्याच्याकडं होतं. पहिली तीन वर्षं तो सगळे फोटो बाहेर काढायचा. सकाळी सात-साडेसातला गाडी उन्हाला तिरकी लावायची आणि मग कॅमेरा घ्यायचा. तिरक्या उन्हात पत्रा काही लपवू शकत नाही. कुठं पुट्टी भरली, कुठलं दार नंतर रंगवलं, सगळं दिसतं. म्हणून लोक त्याचे फोटो बघून चंदगडहून, राधानगरीहून निर्धास्त यायचे.

मालक अमरसिंहांना हे पटत नव्हतं.

"उन्हात गाडी खरं बोलतीया, सायब," रामलिंग म्हणायचा.

"खरं बोलाय ती काय कोर्टात उभी हाय? इकाय उभी हाय."

शेवटी अमरसिंहांनी मागच्या शेडमध्ये बूथ बांधला. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, चारी बाजूंना आणि छताला दिवे. त्या उजेडात कुठलीही गाडी कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसायची. रामलिंगला काम सोपं झालं. पहिले काही दिवस त्याला वाईट वाटलं. मग सवय झाली.

तारीख गणपतरावांना पक्की आठवते. १२ डिसेंबर २०२४, गुरुवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. रात्री साडेदहाला रामलिंगला अमरसिंहांचा फोन आला. एक काळी गाडी आलीय, आत्ताच फोटो काढून टाक. चंदगडचे ज्ञानू गावडे, काजूवाले, त्यांना अशीच गाडी हवी होती. फोटो पसंत पडले तर ते पहाटेच्या एसटीनं निघणार, गाडी घेऊन शुक्रवारीच अंबाबाईला जाणार.

"ती काळी गाडी चार दिवस माझ्याकडं होती," गणपतराव म्हणाले. "बोनेट सरळ केलं. डावं दार नवं बसवलं. बोनेटच्या फटीत उसाची पानं आडकल्याली. ती मी वडून काढली."

"कशाला धडकलीती?" राजवीरनं विचारलं.

"मी इचारलं न्हाय. आमच्या धंद्यात इचारत न्हाईत."

पेपरात मात्र तीन ओळी येऊन गेल्या होत्या. राधानगरी रोडला, दिवस मावळताना, ऊसतोड टोळीतली एक बाई ठार. डोक्यावर वाढ्याचा भारा होता, म्हणजे जनावरांना घालायचे उसाचे शेंडे. रस्त्याच्या कडेला ते विकायला निघालेली. काळी गाडी थांबली नाही. नाव काही छापलं नव्हतं. गणपतरावांनी वाचलं होतं. रामलिंगनंही वाचलं होतं.

अकराला रामलिंगनं बूथ उघडला. गाडी आत घेतली, शटर ओढलं, दिवे लावले. राखणदार पुढं गेटवर. मागं सगळं सामसूम.

काळ्या रंगाचं एक असतं. समोर जे असेल ते त्याच्यात उमटतं. बाहेर फोटो काढला की दारात झाडं येतात, खांब येतात, मग ते कॉम्प्युटरवर पुसत बसावं लागतं. बूथमध्ये ती भानगड नाही. समोर पांढरी भिंत, दारातही पांढरंच.

पहिला फोटो डाव्या बाजूचा काढला आणि त्यानं लॅपटॉपवर बघितला.

दारात ऊस होता.

पांढरी भिंत नव्हती. रस्त्याची कड, तिच्या पलीकडं उभा ऊस, वर तांबूस आभाळ. आणि लांब, उसाच्या कडेला, बोटाएवढं काहीतरी हिरवं.

त्यानं मान वर करून दाराकडं बघितलं. दारात पांढरी भिंत. नुसती पांढरी भिंत.

कॅमेऱ्यात जुना फोटो राहिला असेल, असं त्याला वाटलं. कार्ड बदललं. दुसरा फोटो काढला.

ऊस. रस्ता. आणि ते हिरवं आता वीतभर झालेलं. डोक्यावरचा भारा. त्याच्याखाली लुगडं.

तिसरा काढला. 

ती रस्त्याच्या अलीकडं आली होती.

रामलिंगनं अमरसिंहांना फोन लावला.

"सायब, सकाळी काढतो की उन्हात. हितं... दारात काय तरी येतंय."

"काय येतंय?"

"बाई..."

 मग अमरसिंह एकदम हळू आवाजात म्हणाले, "जे येतंय ते पूस. तुला पगार कशाचा देतोय? बारा वाजायच्या आत फोटो जायला पायजेत." आणि फोन ठेवला.

त्यांनी कुठली बाई म्हणून विचारलं नाही, हे रामलिंगच्या ध्यानात आलं. पण त्याची नोकरी होती. गडहिंग्लजला आई होती. त्यानं परत कॅमेरा उचलला.

चौथा फोटो.

दारभर ती होती. पुरती, उभी. भाऱ्याची पानं तोंडावर आलेली, म्हणून चेहरा नाही. एक हात वर. गाडी थांबवायला करतात तसा.

दारात माणूस एवढा मोठा दिसायचा, तर तो कुठं उभा पाहिजे, हे फोटो काढणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दारासमोर.

म्हणजे रामलिंगच्या शेजारी.

त्यानं मान वळवली नाही. ओल्या पानांचा वास आला. अगदी जवळून. पान पानावर घासल्याचा आवाज... एकदा. मग थांबला.

तो तसाच खाली बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. चौथाच फोटो उघडला, कारण गाडी त्यातच सगळ्यात छान आली होती. आणि पुसायला लागला.

आधी मागचा ऊस, रस्ता. मग पाय. मग लुगडं. मग भारा, पान पान करून. शेजारी कुणीतरी बघत होतं. हे त्याला कळत होतं. तो पुसत राहिला.

शेवटी तो वर केलेला हात उरला.

तोही पुसला.

वास गेला. बारा वाजायला सात मिनिटं होती. त्यानं तेवढाच एक फोटो नेटवर टाकला.

सकाळी ज्ञानू गावडे आले. साधा माणूस, डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. गाडीला एक फेरी मारली आणि रामलिंगला म्हणाले, "पावणं, फोटो तुमीच काढता न्हवं? आमच्या गावात तुमचं नाव हाय. फोटोत हाय तशीच हाय न्हवं गाडी?"

रामलिंग म्हणाला, "व्हय."

गावड्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. गाडी अंबाबाईला गेली, तिथून चंदगडला. त्या माणसाचं वाईट काही झालं नाही. गाडी अजून चालते.

"मग भूत कुठं गेलं?" आमच्यातला एकजण म्हणाला. गणपतराव पुढं सांगत राहिले.

फेब्रुवारीत बाजारात एक माणूस आला. अंगावर मळका सदरा, बीडकडची बोली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की धडकलेल्या गाड्या दुरुस्त करून विकतात. म्हणून तो रोज ऊस तोडून झाला की मुकादमाच्या पोराच्या फोनवर विकाऊ काळ्या गाड्यांचे फोटो बघत बसायचा. दोन महिने. गाडी विकली तरी अमरसिंहांनी तो फोटो नेटवरून उतरवला नव्हता, दुकानाची जाहिरात म्हणून ठेवला होता.

त्या माणसानं फोन पुढं केला. "सायेब, ही गाडी कुनाची व्हती?"

"इकली ती. तुला काय करायचंय?"

"ही माजी बायकू हाय." त्यानं दारावर बोट ठेवलं. "अंबूबाई. ही काय, उबी हाय की."

अमरसिंहांनी बघितलं. दार आरशासारखं स्वच्छ. "कुठं काय हाय? डोळं तपासून घे जा."

माणूस चिडला नाही. तो रामलिंगकडं वळला. "दादा, फोटू तुमी काडला ना? तुमाला दिसली आसंल. हात वर केलाय तिनं. मला नुसतं सांगा, दिसली का नाय."

रामलिंग उभा होता. अमरसिंह त्याच्याकडं बघत होते.

"दादा..."

"न्हाय," रामलिंग म्हणाला.

त्या माणसानं मान डोलावली. फोन खिशात घातला आणि चालत हायवेला लागला. मार्चमध्ये कारखाना बंद झाला, टोळी आपल्या गावाला परत गेली.

"त्यो माणूस येऊन गेला, त्या रातीला रामलिंगनं मला समदं सांगिटलं, त्यो फोटो बी पाठवला," गणपतराव म्हणाले. "म्हणाला, काका, दार तुमी बसीवलंय, तुमीच बघा. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेला. आता फोन उचलत न्हाय."

"पोलिसात कुणी सांगिटलं न्हाय?" राजवीर म्हणाला.

"सांगणारी दोघंच होतो. एक त्यो. एक मी."

"मग तुमी गेला न्हाईसा?"

 समोरच्या दुकानाचं शटर पडलं.  गणपतरावांनी आपला फोन काढला, बराच वेळ शोधून तो फोटो लावला आणि न बघताच राजवीरच्या हातात दिला.

आम्ही सगळे वाकलो. काळी गाडी. पांढरी भिंत. दारात काही नव्हतं.

"काय बी न्हाय की हितं," राजवीर म्हणाला. मग त्याचं बोट खाली सरकलं आणि तिथंच थांबलं.

त्या बूथमध्ये चारी बाजूंनी आणि वरून दिवे आहेत. तिथं कशाची सावली पडत नाही. फोटोत गाडीचीसुद्धा पडली नव्हती.

पण दारापुढच्या पांढऱ्या फरशीवर एका बाईची सावली होती. दिवस मावळताना पडते तेवढी लांब.