माळवदावरची पावलोवा

कावळ्यानं मध्यस्थी केली नसती, तर ईरप्पाचं तोंड जन्मात उघडलं नसतं.

तो मिलच्या साहेबाकडे आचारी. तिथली भट्टी फार तापायची, मडमेचा नाजूक पदार्थ करपायचा. म्हणून पांढऱ्या चकत्या परातीत मांडून तो चैत्राच्या उन्हात आपल्या घराच्या माळवदावर, सपाट छतावर, वाळवायचा. पलीकडच्या माळवदावर मल्लव्वा काठी घेऊन कुरडया राखायची. मध्ये हातभर भिंत. पंधरा दिवस तो परात ठेवायला वर यायचा आणि उगाच रेंगाळायचा.

आज परात उचलायला आला, तर मल्लव्वा भिंतीपाशीच उभी.

"तुमच्या परातीवर कावळा बसला हुता, हाकलला," ती म्हणाली. "मजुरी म्हणून एक खाल्लं..."

ईरप्पा परात उचलायला धावला. पण तिचा चेहरा पाहून तो जागीच थांबला. तिनं डोळे मिटले होते. देवळात आरतीला माणसं उभी राहतात, तशी ती उभी होती.

"चावायच्या आदीच विरघळलं... असं कसं वो? नाव काय ह्याचं?"

"पावलोवा. त्या नावाची एक बाई नाचायची. पाय भुईला टेकतात का न्हाय, कळायचं न्हाय म्हणे. तिच्यावर जीव जडलेल्या कुण्या आचाऱ्यानं तिचं नाव ह्याला दिलं, असं मडम सांगती."

"आन् तुमी कुणाचं दिलं असतं?"

"...तुमचं."

ती गालात हसली. दुसरी चकती उचलत म्हणाली, "घालता काय ह्यात?"

नुसती साखर, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण त्या मिटल्या डोळ्यांपुढं ईरप्पाला खोटं बोलवेना.

"साखर... आन् अंड्याचं पांढरं."

चकती परातीत पडली. तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "शिवा शिवा..."

संपलं सगळं, असं ईरप्पाला वाटलं. तोही लिंगायतच, त्याच्याही गळ्यात लिंग होतं. पोटासाठी तो अंडी फोडायचा, पण जिभेला कधी लावली नव्हती. त्यानं ती पडलेली चकती उचलली आणि तोंडात टाकली.

"हे काय केलंत?"

"दोष तुमी एकटीनंच का घ्यायचा?"

आणि मग तो थक्क होऊन उभाच राहिला. इतके दिवस आपल्याच हातांनी केलेलं हे... असं होतं? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मल्लव्वानं ते पाहिलं. मग तिनं काठी भिंतीला टेकवली.

"दोघंबी बाटलो की," ती हळूच म्हणाली. "आता मला दुसऱ्या घरी कसं देतील? सोमवारी तुमच्या अव्वांना धाडा आमच्याकडं, मागणी घालायला."