साळूबाईंनी सांगितलेलं घर

सांगलीच्या गणपती पेठेत, एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत गोपाळकृष्ण बापटांचं ऑफिस होतं. मुंबईला आर्किटेक्टचं शिक्षण घेऊन आलेला हा माणूस नव्या धर्तीची घरं बांधायचा. सपाट गच्ची, गोलाकार सज्जा, भिंत संपेपर्यंत रुंद खिडक्या. घरात उजेड आणि वारा खेळता असला की निम्मी दुखणी पळतात, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पटवून देत. पण लढाईच्या दिवसांत सिमेंट मिळेनासं झालं आणि कामं थंडावली. पंचेचाळीस साली लढाई थांबली, तरी सिमेंटचा परवाना काही लवकर मिळेना.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर एक जोडपं माडीचा जिना चढून आलं. पुरुष ताठ, मिशा पांढऱ्या, कोटावर पहिल्या लढाईतलं पदक. मागं नऊवारीतली एक सावळी, किरकोळ बाई. सुभेदार लालासाहेब आणि त्यांच्या घरच्या साळूबाई.

"घर बांदायचंय साहेब," सुभेदार म्हणाले. "उंब्रजच्या अलीकडं आमचं रान हाय, तिथं. कसं बांदायचं त्ये ही सांगंल."

बापटांनी पेन्सिल उचलली. "किती खोल्या हव्यात?"

"हव्यात न्हवं," साळूबाई म्हणाल्या. "हाय तसं सांगते."

त्या सांगत गेल्या आणि बापट रेखाटत गेले. खाली जनावरं, वर माणसं. जिना बाहेरून, भिंतीला धरून. वर गेलं की स्वयंपाकघर. त्यात जमिनीलगत चूल, पण चुलीवरचं धुराडं एवढं रुंद, की त्याच्याखाली दोन्ही अंगांना माणसांना बसायला दगडी कट्टे. त्यामागं एक खोली. त्या खोलीला लहानशी खिडकी, गुडघ्याला लागेल इतकी खाली.

"खिडकी एवढी खाली कशाला?"

"निजल्या मानसाला भाईरचं दिसतंय त्येच्यातनं."

असलं घर बापटांनी सातारा-सांगलीत कुठंही पाहिलं नव्हतं. "तुम्ही हे कुठं बघितलंत?"

"भाकरी थापाया बसले की मी तितंच असते," साळूबाई म्हणाल्या. आठवड्याच्या बाजाराला जाऊन आल्याचं सांगावं, तसं.

त्या खाली गेल्यावर सुभेदार मागं रेंगाळले. एकुलता एक मुलगा, सयाजी, पलटणीत होता. गेल्या वर्षी पावसाळ्यात इटलीत पडला. तार आली त्या दिवसापासून साळूबाई या घराचंच बोलत होत्या.

"तुम्हीच कधी लढाईतल्या गोष्टी सांगितल्या असतील," बापट म्हणाले.

"मी बसऱ्याला व्हतो साहेब. तिथं वाळू आन् तंबू. ह्ये असलं घर मला बी ठावं न्हाई." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "पोरगं गेल्यापास्नं तिच्या डोळ्याला पानी न्हाई. येवढं बांदून द्या. रडंल तरी."

बापटांना काम हवं होतं हे खरं. पण त्यांनी हो म्हटलं ते या शेवटच्या दोन शब्दांसाठी.

दगड-चुन्याचं काम, त्यामुळं परवान्याची अडचण नव्हती. जतकडचा कानडी गवंडी बिराप्पा आला. आखणीच्या दिवशी साळूबाई मोकळ्या रानात डोळे मिटून चालल्या. त्या जिथं वळल्या तिथं खुंट्या ठोकल्या. बापट संशयी माणूस. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीची दोरी हातभर आत सरकवली. दुसऱ्या दिवशी साळूबाई डोळे मिटूनच चालत आल्या, दोरी ओलांडली आणि हातभर पुढं जाऊन थांबल्या. समोरच्या रित्या हवेवर त्यांनी तळवा टेकला.

"भिंत हितं हाय. दोर कुनी हलवला?"

बापटांनी दोरी पुन्हा जागेवर नेली. त्यानंतर त्यांनी साळूबाईंची परीक्षा पाहिली नाही.

भिंती वर आल्या. कौलं चढली. चूल एकदाही पेटली नव्हती, तरी स्वयंपाकघरात धुराचा वास यायला लागला. मागच्या खोलीतला वास निराळाच होता: भिजलेल्या लोकरीचा, आणि कसल्याशा उग्र पाल्याचा. बापटांनी चुना हुंगून पाहिला, वासे हुंगून पाहिले. तो वास कशातच नव्हता, आणि खोलीभर होता.

गिलाव्याच्या वेळी बिराप्पानं थापी खाली ठेवली.

"साहेब, ती खोली सकाळच्या पारी करतो. दुपारचं न्हाई जमनार."

"का?"

"कुनीतरी कन्हतंय आत."

बापट दुपारी जाऊन उभे राहिले. त्यांना काही ऐकू आलं नाही. मात्र त्या खिडकीपाशी उभं राहवेना. उकिडवं बसावं, खाली वाकावं, कुणाच्या तरी तोंडाजवळ कान न्यावा, असं वाटत राहिलं. ते घाईनं बाहेर आले तेव्हा कण्हल्याचा आवाज त्यांच्याच गळ्यातून निघत होता.

पुढच्या वैशाखात वास्तुशांत झाली. मांडवात पंगत बसायच्या बेताला एक बैलगाडी बांधाशी थांबली. खाली उतरलेल्या तरुणाची डावी बाही कोपराशी टाचलेली होती. तो सयाजीच्या पलटणीतला जोतीराम. नुकताच देशी आलेला. चार पावलं टाकून तो थांबला, आणि पुढं येईचना.

बापट त्याच्याजवळ गेले. "काय झालं?"

"ह्ये कुनी बांदलं?"

"मी."

"तुमी इटलीत व्हता?"

"नाही."

जोतीराम घराकडं बघत राहिला. "दगड तेवडा काळा न्हवता. बाकी सगळं त्येच." मग हलक्या आवाजात म्हणाला, "वर, चुलीच्या मागं, खोली हाय?"

"आहे."

"खिडकी खाली?"

बापटांनी मान हलवली.

जोतीराम बांधावरच बसला. बोलू लागला तेव्हा सुभेदारही येऊन उभे राहिले. सयाजीच्या पोटात गोळी लागली होती. दोघा-तिघांनी त्याला उचलून त्या घरात नेलं. घरात एक म्हातारी, एकटीच. तिनं आपलं अंथरूण दिलं.

"दुपारभर जित्ता व्हता, सुभेदार. जागच्या जागी गेला असं तारंत लिवत्यात, तसं न्हवतं. आये, आये करायचा. ती म्हातारी त्येच्या कपाळावरनं हात फिरवायची. तिला आपली भाषा कुठली याया? पर ती म्हनली..." त्यानं टाचलेली बाही मुठीत धरली. "म्हनली, 'हाय रं बाळा, हितंच हाय मी.' आपल्या गावच्या बाईगत. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"व्हय," मागून साळूबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं. "म्हनलं व्हतं म्या."

त्या जोतीरामच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तान लागली व्हती त्येला. म्या पानी आनलं. तू माझा हात धरलास, जोतीराम. घोटभर बी देऊ दिलं न्हाईस."

जोतीरामचा चेहरा पांढरा पडला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पोटात लागलेल्याला पानी देत न्हाईत, काकी," तो कसाबसा म्हणाला.

"ठावं न्हवतं रं मला," साळूबाई म्हणाल्या. "माझं लेकरू तसंच तानेलं गेलं." आणि त्या बाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. आधी नुसता श्वास कोंडल्यासारखा आवाज आला. मग त्या रडू लागल्या. मांडवातल्या बायका धावत आल्या. सुभेदार मात्र जवळ गेले नाहीत. एवढ्या दिवसांनी आलेलं ते रडणं थांबू नये म्हणून ते तोंड फिरवून उभे राहिले, आणि त्यांच्याही मिशा भिजल्या.

दिवाळी झाल्यावर बापटांना साताऱ्याला काम निघालं. वाटेत, भर दुपारी, ते उंब्रजच्या अलीकडं उतरले. सुभेदार खाली गोठ्यापाशी बसून सुतळी वळत होते.

"आता बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय. रडती, जेवती, मानसांत बसती." ते थांबले. "दुपारची तेवडी वर असती."

वरून साळूबाईंचा आवाज येत होता. मऊ, समजावणीचा. बापटांनी कान दिला. ती मराठी नव्हती. बिराप्पाची कानडीही नव्हती. शब्दांत मधूनमधून एक नाव येत होतं: नीनो, नीनो.

"कोण नीनो?"

सुभेदारांनी सुतळीवरून नजर उचलली नाही. "त्या म्हातारीचा बी कुनीतरी गेला असंल की, साहेब. तिनं आमच्याचं केलं, आता ही तिच्याचं करती."

बापट जिना चढले. स्वयंपाकघरात उग्र पाल्याचा वास होता. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. साळूबाई बाहेर आल्या, त्यांनी माठातून तांब्या भरला. बापटांना पाहून त्या ओळखीचं हसल्या.

"ह्येला पानी चालतंय," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दार त्यांच्यामागं लागलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

मग आत कुणीतरी घटाघटा पाणी पिऊ लागलं.